मदत घेऊनही स्वतंत्र : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी अपंगत्वासह स्वतंत्र राहण्याबद्दलची पत्रं एवढी आली की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं थोडक्यात छापली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाच्या मणक्याला चार वर्षांपूर्वी इजा झाली. छातीखालचं शरीर हलत नाही, हातांत चांगली ताकद आहे. आता त्याला वेगळं राहायचं आहे. आई म्हणते, "अंघोळ, कपडे सगळं एकट्याला जमायला लागलं की खुशाल जा." तो तयार आहे की नाही, हे ओळखायचं कसं?
– एक बहीण

उत्तर : आईंची काळजी खरी आहे, अट मात्र चुकीची आहे. स्वतंत्र राहणं म्हणजे प्रत्येक काम आपल्याच हाताने करणं नव्हे. कधी उठायचं, कुठे जायचं, घरात कोणाला येऊ द्यायचं, मदत कोणाची आणि किती घ्यायची, हे आपण ठरवणं म्हणजे स्वतंत्र राहणं. मोजे-बूट चढवायला एकट्याला पाऊण तास लागत असेल आणि मदतनिसाच्या हाताने पाच मिनिटं, तर वाचलेल्या चाळीस मिनिटांत कामावर निघायचं की रोज तेवढा वेळ बुटांना द्यायचा, हे भावाला ठरवू द्या. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

हा विचार अपंग माणसांनीच मांडला आणि जगून दाखवला. अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स यांचं मानेखालचं शरीर पोलिओमुळे जवळजवळ निकामी झालं होतं आणि श्वासासाठी त्यांना 'आयर्न लंग' या अवजड यंत्रात झोपावं लागे. १९६२ साली ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा त्यांची राहण्याची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात करावी लागली. त्यांच्यापाठोपाठ आलेल्या अपंग विद्यार्थ्यांच्या चळवळीतून १९७२ साली बर्कलीत अपंग व्यक्तींनीच चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र उभं राहिलं. पुढे २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या १९व्या कलमात कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी लागणारी वैयक्तिक मदतही आहे. मदत लागते म्हणून हक्क कमी होतो, असं त्यात कुठेही नाही.

आता तयारीचं. भावाला सात दिवस एक वही ठेवायला सांगा. उठल्यापासून झोपेपर्यंतचं प्रत्येक काम, त्याला लागलेली मिनिटं, आणि पुढे तीन खुणांपैकी एक : एकट्याने जमतं, साधन मिळालं तर जमेल, माणूसच लागतो. रात्रीची कामं विसरू नका. कूस बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, पडलेला फोन उचलणं ही कामं दिवसाच्या यादीत येत नाहीत आणि पहिल्याच आठवड्यात तीच अडवतात. आठवड्याअखेर 'माणूसच लागतो' या खुणेपुढची मिनिटं मिळवा. बहुतेक वेळा दिवसभराचा माणूस लागत नाही, सकाळी दीड-दोन तास आणि रात्री तासभर एवढंच निघतं.

मग सराव. आधी एक रात्र, मग दोन दिवस, मग पंधरवडा. या काळात घरच्यांनी फोन केल्याशिवाय जायचं नाही. बहुतेक सराव इथेच फसतात : आई सहज डोकावते, जाता जाता चार कामं उरकून टाकते, आणि कुठे अडतंय हे कोणालाच कळत नाही. एकदा औषध संपू दे, एकदा कपडे धुवायचे राहू देत. जिवाला धोका नसेल तर ते होऊ द्यायचं. तयारी पूर्ण झाल्यावर कोणीच घर सोडत नाही, अपंगत्व नसलेलेही नाही.

प्रश्न : व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीसाठी घरात बदल करायचे आहेत. पैसा मोजकाच आहे. सुरुवात कुठून करावी? दाराबाहेर तीन पायऱ्या आहेत आणि न्हाणीघर लहान आहे.

उत्तर : क्रम असा ठेवा : आत-बाहेर करता येणं, शौचालय, पलंग, आणि बाकीचं त्यानंतर. पैसा मोजका असताना लोक ओट्याची उंची कमी करून बसतात आणि शौचालयाच्या दारातून खुर्ची जातच नाही.

दारापासून सुरू करू. चौकट मोजू नका. दार ९० अंशांत उघडून, दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंतची मोकळी जागा मोजा. ती किमान ८० सेंटिमीटर हवी, ९० असेल तर हाताची बोटं सोलवटत नाहीत. तीन-चार सेंटिमीटर कमी पडत असतील तर भिंत फोडायची गरज नाही. दार उघडल्यावर पूर्ण बाजूला नेणाऱ्या सरकत्या सांध्याच्या बिजागऱ्या मिळतात, त्यांनी दाराच्या जाडीएवढी जागा सुटते. गोल मुठीऐवजी खाली दाबायची लांब मूठ बसवा, ती कोपरानेही उघडते. उंबरठा दीड सेंटिमीटरच्या आतच हवा आणि त्याची कड तिरकी हवी. पुढची छोटी चाकं दोन सेंटिमीटरच्या सरळ कडेलाही अडतात, खुर्ची जागीच थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो.

रॅम्पचं गणित एका ओळीचं आहे : जेवढी उंची, त्याच्या बारापट लांबी. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर, म्हणजे ५४० सेंटिमीटरचा उतार, शिवाय वर आणि खाली प्रत्येकी दीड मीटर सपाट जागा. हे कमीत कमी झालं. स्वतःच्या हाताने खुर्ची ढकलणाऱ्याला वीसपट लांबीचा उतार कितीतरी सोपा पडतो. रुंदी किमान ९० सेंटिमीटर, चाक घसरून बाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही कडांना किमान ५ सेंटिमीटरची उभी कड, आणि दोन्ही बाजूंना कठडा. एका सलग उतारात ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चढायचं नाही, मध्ये सपाट टप्पा घ्यायचा. सिमेंट ओलं असतानाच त्यावर आडवा खराटा फिरवून रेघा काढून घ्या. गुळगुळीत लादी पावसात जीवघेणी ठरते. आणि गवंडी म्हणाला, "जागा नाही, सहापटीत बसवतो," तर सरळ नको म्हणा. असा उतार चढताना खुर्ची मागे उलटते आणि उतरताना हातात राहत नाही. जागा नसेल तर उतार वळवून घ्या, दुसरं दार बघा किंवा उभी लिफ्ट बसवा.

न्हाणीघरात पहिलं काम दाराचं. ते आत उघडत असेल तर बाहेर उघडणारं करून घ्या. आत पडलेला माणूस दाराला अडून पडतो, आणि त्याला ढकलल्याशिवाय मदत करणाऱ्याला आत जाता येत नाही. कडी अशी असावी की गरज पडली तर बाहेरून नाण्याने फिरवून उघडता यावी.

आधाराच्या दांड्या बसवताना घाई करू नका. कमोडच्या बैठकीची उंची ४३ ते ४८ सेंटिमीटर हे पुस्तकी माप आहे, खरं माप खुर्चीच्या गादीची उंची. दोन्ही सारख्या असल्या तर सरकणं सोपं. दांडीची वरची कड जमिनीपासून ८४ ते ९१ सेंटिमीटर, पण ड्रिल लावण्याआधी त्या व्यक्तीला बसवा, डोळे मिटून हात सहज जाईल तिथे टेकायला सांगा आणि तिथे चिकटपट्टी लावा. दोन दिवस तीच खूण वापरून पाहा. दांडी आणि भिंत यांत जेमतेम ४ सेंटिमीटर अंतर हवं. जास्त असेल तर घसरलेला हात मनगटापर्यंत आत जाऊन अडकतो.

भोक पाडताना ड्रिलमधून पडणाऱ्या भुकटीवर लक्ष ठेवा. टाइलची भुकटी पडते तोवर ठोक्याचं बटण बंद ठेवा, नाहीतर टाइल तडकते. मग प्लास्टरची राखाडी येते, मग विटेची लाल. लाल भुकटी येऊ लागल्यावरही पाच-सहा सेंटिमीटर आत गेलं पाहिजे, कारण दांडी विटेने धरायची असते, टाइल आणि प्लास्टर तिला धरत नाहीत. मध्येच ड्रिल झटका देऊन आत गेलं तर भिंत पोकळ आहे. तिथे साधा प्लास्टिकचा प्लग चालणार नाही. रासायनिक अँकर (भोकात भरल्यावर घट्ट होणारा आणि बोल्ट धरून ठेवणारा लगदा) वापरा, किंवा भिंतीच्या पलीकडून लोखंडी पट्टी लावून बोल्ट आरपार न्या. दांडीने शंभर-सव्वाशे किलोंचा हिसका सोसला पाहिजे, कारण पडताना माणूस वजनाने लोंबकळतो. टॉवेलची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या दांड्याही घेऊ नका, त्या कधी सुटतील हे आधी कळत नाही.

एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून आवर्जून सांगतो. ज्यांच्या पायांना संवेदना नाही, त्यांच्या नळातलं पाणी ४९ अंशांपेक्षा गरम नसावं. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं, आणि पाय काढून घ्यायचा इशारा मेंदूपर्यंत पोचतच नाही.

प्रश्न : आई पलंगावर सरकत असताना तिची व्हीलचेअर मागे घसरते. ब्रेक लावलेले असतात. नवीन ब्रेक घ्यावेत का?

उत्तर : आधी टायर अंगठ्याने दाबून पाहा. व्हीलचेअरचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबली जाणारी एक छोटी पट्टी. हवा कमी झाली की टायर आत जातो आणि पट्टी नुसती टेकून राहते. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. हवा भरूनही घसरत असेल तर ब्रेकचा पकडबोल्ट सैल करून पूर्ण ब्रेक चाकाच्या दिशेने थोडा पुढे सरकवा. लावल्यावर पट्टी टायरमध्ये तीन-चार मिलिमीटर रुतलेली दिसली पाहिजे. टायर भरीव असून झिजला असेल तर टायर बदला. हे ब्रेक उभ्या खुर्चीसाठी असतात. उतारावर वेग कमी करायला ते वापरू नयेत, खुर्ची गर्रकन फिरते.

ब्रेक दुरुस्त झाले तरी सरकण्याची पद्धत तपासा. खुर्ची पलंगाला ३० ते ४५ अंशांत लावा. शेवटी खुर्ची वीतभर मागे-पुढे करून पुढची छोटी चाकं पुढच्या दिशेला वळलेली ठेवा, त्यामुळे पुढे झुकल्यावर खुर्ची पालथी होत नाही. खुर्चीचा पलंगाकडचा हात काढा, पायपट्ट्या बाजूला करा. सरकपट्टीचा (खुर्ची आणि पलंग यांच्यामध्ये पुलासारखी ठेवायची गुळगुळीत फळी) साधारण एक तृतीयांश भाग मांडीखाली गेला पाहिजे. मग डोकं पलंगाच्या उलट दिशेला आणि पुढे झुकवायचं म्हणजे कंबर आपोआप पलंगाकडे जाते. हे उलटं वाटतं, पण सगळी युक्ती त्यातच आहे. बोटं पट्टीच्या कडेखाली घालू नयेत, चिरडतात. उघड्या कातडीवर पट्टी वापरू नये. आणि मदत करणाऱ्याने काखेत हात घालून उचलायचं नाही, खांदा निखळतो.

प्रश्न : मला अर्धांगवायू आहे, सकाळ-संध्याकाळ मदतनीस लागतो. आतापर्यंत तीन सोडून गेले. असतात तेव्हाही मला न विचारता माझ्या वहिनींना विचारतात, "यांना आता झोपवू का?" काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काहीही चुकलेलं नाही. पण नेमणूक बहुधा वहिनींनी केली असावी, पगारही त्याच देत असतील, आणि मदतनीस ज्याच्याकडून पगार घेतो त्यालाच विचारतो. तेव्हा पहिली दुरुस्ती ही : पुढच्या वेळी मुलाखत तुम्ही घ्या, पगार तुमच्या हाताने किंवा तुमच्या खात्यातून द्या, रजेचा निरोप तुम्हालाच यायला हवा. बोलताना त्रास होत असेल तरी चालेल, प्रश्न कागदावर लिहून पुढे ठेवा. वहिनींना फक्त एक वाक्य म्हणायला सांगा, "त्यांनाच विचारा." पंधरा दिवस न चुकता हेच उत्तर मिळालं की सवय बदलते.

स्वीडनमध्ये १९८४ साली अपंग व्यक्तींनी स्टॉकहोममध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली ती यासाठीच. मदतनीस कोण, किती वाजता, कसं काम करेल, हे मदत घेणारा ठरवतो, हा तिचा पाया. संस्था फक्त हिशेब आणि कागदपत्रं सांभाळते. सहा-सात जणांनी एकत्र येऊन ही पद्धत कुठेही लहान प्रमाणात राबवता येते : मदतनिसांची एक सामाईक यादी आणि एकमेकांच्या अडीनडीला वापरायची दोन राखीव माणसं.

मदतनीस का सोडून जातात? बहुतेक वेळा काम ठरलेलं नसतं म्हणून. दोन तासांचं काम सांगून बोलावलेल्याला घरातली लादीही पुसायला लावली की तो महिन्याभरात जातो. म्हणून बोलणी करण्याआधी कामाचा कागद करा. उदाहरणार्थ : अंथरुणातून खुर्चीत १० मिनिटं, शौच आणि अंघोळ ४५, कपडे १५, अंथरूण आवरणं १०. कुठलं काम त्याचं नाही, तेही लिहा. दोन दिवसांचा सराव घ्या, त्याचेही पैसे द्या. आणि पूर्ण वेळच्या एका माणसापेक्षा अर्ध्या वेळची दोन माणसं ठेवा. एक आजारी पडला तर दुसऱ्याला तुमचा दिनक्रम माहीत असतो. खर्च तेवढाच येतो, झोप मात्र शांत लागते.

सूचना देणं हे कौशल्य आहे आणि ते शिकावं लागतं. "मला नीट बसव" म्हटलं की समोरचा त्याच्या अंदाजाने ओढतो. "आधी डावा पाय खाली सोडा. आता माझ्या पाठीमागे हात ठेवा. मी तीन म्हटलं की पुढे घ्या." असं एकेक पाऊल सांगा, एक झालं की दुसरं. नव्या माणसासाठी ही वाक्यं फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवता येतात.

कामाच्या कागदामागे तुमच्या तब्येतीच्या दोन-तीन धोक्याच्या खुणा लिहा. मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असलेल्या वाचकांनी तर हे करावंच, आणि पहिल्या पत्रातल्या भावालाही ते लागू होऊ शकतं. अचानक ठणकणारं डोकं, चेहऱ्यावर लाली आणि घाम, आणि रक्तदाब नेहमीपेक्षा २० ते ४० ने चढलेला, ही आणीबाणी आहे. आडवं करायचं नाही. सरळ बसवायचं, पाय खाली सोडायचे, पट्टा आणि कपडे सैल करायचे, लघवीच्या नळीला पीळ बसला आहे का किंवा पिशवी भरली आहे का ते पाहायचं. "घाबरला असेल" म्हणून झोपवणं ही सर्वात सहज होणारी चूक आहे आणि तिने रक्तदाब आणखी चढतो. कारण सापडून लगेच आराम पडला नाही तर रुग्णवाहिका बोलवायची, आणि हा कागद डॉक्टरांच्याही हातात द्यायचा, कारण हा प्रकार त्यांनी क्वचितच पाहिलेला असतो.

प्रश्न : नोकरीत आठ तास खुर्चीत बसून असतो. दोनदा बेडसोअर होऊन सुट्टी घ्यावी लागली. गादी महागाची आहे.

उत्तर : गादी कितीही चांगली असली तरी दाब हलवावाच लागतो. दर १५ ते ३० मिनिटांनी, आणि प्रत्येक वेळी जवळजवळ दोन मिनिटं. हातांवर जोर देऊन पाच सेकंद उचलल्याने रक्त परत वाहू लागत नाही आणि खांदे मात्र झिजतात. त्यापेक्षा टेबलावर छाती टेकेल इतकं पुढे झुका, किंवा आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कला. फोनवर कंपनाचा गजर लावा. वाचायचं काम पुढे झुकूनच करायचं असं ठरवलंत तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

गादी हवेची असेल तर बसलेल्या स्थितीत बसायच्या हाडाखाली हात घाला. हाड आणि गादीचा तळ यांत एक ते अडीच सेंटिमीटर हवा राहिली पाहिजे. बोटं तळाला चिकटली तर हवा कमी आहे, आणि गादी टणक लागली तर जास्त. रोज सकाळी आणि रात्री आरशात पाहा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून रंग गडद झाला आहे का, जागा गरम किंवा टणक लागते का, हे हाताने पाहायचं. दाब काढल्यावर अर्ध्या तासातही डाग उतरला नाही तर त्या जागेवर बसायचं नाही. एक दिवस घरी झोपून काढावा लागला तरी चालेल, दोन महिन्यांची सुट्टी टळते.

प्रश्न : आमचा मुलगा २६ वर्षांचा आहे, बौद्धिक अपंगत्व आहे. आम्ही दोघं साठी ओलांडलेले. आमच्यामागे त्याचं काय, या विचाराने झोप लागत नाही.
– एक आई

उत्तर : हा प्रश्न सर्वात जास्त पत्रांत आहे, आणि बहुतेक आईबाप पैशांची व्यवस्था करून थांबतात. पैसा हवाच. पण आज घरात जे सगळं तुम्ही करता, ते मुलाला किंवा दुसऱ्या कोणाला येत नसेल तर पैसा त्याला थेट वसतिगृहातच नेतो.

शिकवण्याची सुरुवात लहानशा कामाने करा. दाराला कुलूप लावून बाहेर पडणं घ्या. त्याचे तुकडे पाडा : दिवा-पंखा बंद करणं, फोन आणि किल्ली घेणं, दार ओढणं, कुलूप लावणं, ओढून पाहणं, किल्ली कमरेच्या पाकिटात ठेवणं. आता शेवटाकडून शिकवा. पहिले काही दिवस सगळं तुम्ही करा, किल्ली पाकिटात ठेवणं फक्त त्याचं. ते पक्कं झालं की कुलूप ओढून पाहणंही त्याचं. असं एकेक पाऊल मागे या. यात प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं, 'जमलं' हा अनुभव रोज मिळतो. तोंडी आठवण शक्यतो देऊ नका. "किल्ली घेतलीस का?" हे वाक्य एकदा सवयीचं झालं की ते सुटता सुटत नाही, तो त्याच वाक्याची वाट पाहत उभा राहतो. त्याऐवजी दाराला चित्रांची पट्टी लावा, किंवा गप्प राहून नुसतं बोट दाखवा आणि तेही हळूहळू कमी करा.

दुसरं, चार-पाच माणसांचं वर्तुळ उभं करा : मामेबहीण, शेजारी, त्याचे जुने शिक्षक, त्याच्या वयाचा एखादा मित्र. पैसे घेऊन काम करणारा त्यात नको. दर दोन महिन्यांनी सगळ्यांनी भेटायचं, मुलगा मध्ये बसलेला हवा, आणि बोलणं त्याच्याशी व्हायला हवं. प्रत्येकाकडे एकच गोष्ट असावी : एकजण बँकेच्या कामाला सोबत जाईल, एकजण दवाखान्याला, एकजण फक्त फिरायला. "आम्ही आहोतच" असं सगळे म्हणतात तेव्हा कोणीच नसतं.

तिसरं, निर्णय. तुमच्यामागे सगळे निर्णय भाऊ घेईल, असं लिहून ठेवणं सोपं वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या हक्कांच्या करारातलं १२वं कलम वेगळी दिशा दाखवतं : निर्णय त्याचाच, त्याला तो घेता यावा म्हणून आधार. व्यवहारात म्हणजे दोन पर्याय चित्रांत दाखवायचे, प्रत्यक्ष जाऊन बघू द्यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं, आणि उत्तर लिहून ठेवायचं. त्याला काय आवडतं, कशाने घाबरतो, दुखत असेल तर कसं कळतं, औषधं कोणती, याची दहा पानांची वही आजच सुरू करा. ही माहिती आत्ता फक्त तुमच्या डोक्यात आहे.

प्रश्न : मला अजिबात ऐकू येत नाही. एकटीने राहायचं ठरवलं आहे. दाराची बेल आणि आगीचा इशारा यांचं काय करू?

उत्तर : बेलसाठी घरभर चमकणारे दिवे पुरतात, पण प्रत्येक खोलीत एक हवा, न्हाणीघरातही. आगीच्या इशाऱ्यासाठी नुसत्या दिव्यावर विसंबू नका. झोपलेल्या माणसाला चमकणारा दिवा खात्रीने जागं करत नाही. धूर ओळखणाऱ्या यंत्राला जोडलेलं, उशीखाली किंवा गादीखाली ठेवायचं थरथरणारं यंत्र घ्या, ते वीज गेल्यावरही चालतं याची खात्री करा, आणि महिन्यातून एकदा, झोपेत असताना मैत्रिणीकडून बटण दाबून तपासा. थोडं ऐकू येणाऱ्या वाचकांसाठी : नेहमीच्या किणकिणत्या आवाजापेक्षा ५२० हर्ट्झचा जाड आवाज झोपेतून चांगला उठवतो, तशी यंत्रं मिळतात. तातडीच्या सेवेला मजकूर किंवा व्हिडिओवरून कळवायची सोय आहे का, हे राहायला जाण्याआधीच विचारून घ्या.

प्रश्न : आमच्या भागात आम्ही पाच-सहा अपंग मित्र आहोत. काहीतरी गट करावा असं वाटतं. पण नुसत्या गप्पा होऊन विरून जाईल अशी भीती आहे.

उत्तर : गप्पांनाही किंमत आहे. कॅथेटर (लघवीची नळी) कसा बदलायचा हे नर्स सांगते, पण तो घेऊन दिवसभर प्रवास कसा करायचा हे दहा वर्षं करणाराच सांगू शकतो. तरी गट टिकायला एखादं ठोस काम लागतं. आमचा सल्ला, माहितीच्या वहीपासून सुरुवात करा. प्रत्येकाने आठवड्यात दोन ठिकाणी स्वतः जायचं किंवा फोन करायचा आणि लिहून आणायचं : व्यवसायोपचार (रोजची कामं करता यावीत म्हणून दिला जाणारा उपचार) कुठे मिळतो आणि थांबावं किती लागतं, व्हीलचेअरचे सुटे भाग कोण दुरुस्त करतं, सांकेतिक भाषेचा दुभाषी कोण आहे, मोफत कायदेशीर सल्ला कोणत्या दिवशी, कुठल्या इमारतीत खुर्ची जाते. प्रत्येक नोंदीखाली तारीख घाला. सहा महिन्यांहून जुनी नोंद पुन्हा तपासल्याशिवाय कोणाला द्यायची नाही. चुकीच्या पत्त्यावर खुर्ची घेऊन गेलेला माणूस पुन्हा विचारायला येत नाही.

मग साधनांची देवघेव. न वापरलेल्या कुबड्या, वॉकर, कमोड-खुर्च्या कपाटांत पडून असतात. त्या घ्या, स्वच्छ करा, रबरी टोकं बदला, प्रत्येकीवर क्रमांक घाला, परतीची तारीख ठरवून द्या. कुबडीचं रबर गुळगुळीत झालं असेल तर ती द्यायची नाही. दुसऱ्याच्या मापाची व्हीलचेअर मात्र कायमची कोणाला देऊ नका. रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो, पाठ वाकते आणि एका हाडावर जखम होते.

गटाची सूत्रं कोणाकडे, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. अमेरिकेत स्वतंत्र जीवन केंद्रांच्या संचालक मंडळात निम्म्याहून अधिक अपंग व्यक्ती असाव्यात असा कायदाच आहे. मदतीला आलेले हितचिंतक चांगलेच असतात, पण ते चालणारे, बोलणारे, ऐकणारे असल्यामुळे त्यांचा वेग जास्त असतो आणि तीन महिन्यांत गट त्यांचा होतो. बैठकीत एका वेळी एकानेच बोलायचं, ज्यांना बोलायला वेळ लागतो त्यांच्यासाठी थांबायचं, त्यांचं वाक्य कोणी पूर्ण करायचं नाही.

बैठकीची जागा ठरवण्याआधी तुमच्यातली सर्वात रुंद खुर्ची वापरणाऱ्याने तिथे एकदा जाऊन यावं, आणि हॉल बघून परत न फिरता शौचालयाचं दार मोजून यावं.